सहा चटयांचं घर

शेतात पाच माणसं ओळीनं उताणी पडलेली दिसली आणि मी डोक्यावरचा वैरणीचा भारा तिथंच टाकून घराकडं पळाले.

"आत्याबाई, सुभेदारांच्या रानात माणसं मरून पडल्यात!"

सासूबाई हातातल्या खुरप्यासकट निघाल्या. जवळ जाऊन बघतो तर पाचही जण जिवंत. एक जण तर पडल्या पडल्या विडी ओढत होता. सुभेदार काठी घेऊन त्यांच्यामधून फिरत होते आणि एकेकाच्या भोवतीनं मातीत रेघ ओढत होते.

"काय चाललंय वं सुभेदार?" सासूबाईंनी विचारलं.

"घर बांधतोय. जपानात घर फुटात मोजत न्हाईत, चटईत मोजत्यात. एक चटई म्हंजे एक आडवा मानूस. ही सहा चटयांची खोली. सहावा गडी आलाच न्हाई, म्हनून अडलंय."

"मग तुमी पडा की."

आणि ते खरंच पडले! पांढऱ्या मिशा, खाकी अर्धी चड्डी, हात दोन्ही बाजूंना सरळ. पडल्या पडल्या आभाळाकडं बघून म्हणाले, "वा! जागा लई चांगली हाय!"

हे सत्तर सालच्या दिवाळीनंतरचं. देवळाली प्रवरेच्या बाजूला पाटाच्या कडेनं आमची वस्ती, आणि आमच्या बांधाला लागून त्यांचं रान. फौजेतून सुभेदार होऊन आले म्हणून सगळे त्यांना सुभेदारच म्हणत. मोठी लढाई संपल्यावर त्यांची पलटण वर्षभर जपानात होती. लढाईचं ते कधी बोलले नाहीत. बोलायचे ते तिथल्या एका म्हातारीच्या घराबद्दल. पहाऱ्याच्या वाटेवर तिचं घर होतं. ती त्यांना ओट्यावर बसवून बिनदुधाचा चहा द्यायची. मातीच्या भिंती, कागदाची सरकती दारं आणि आत जवळजवळ काहीच नाही.

"त्या घरात काय बी नव्हतं," ते म्हणायचे, "आनि कशाची कमी नव्हती."

हे वाक्य त्यांनी मला निदान शंभर वेळा ऐकवलं असेल. पंचवीस वर्षं ते घर डोक्यात घेऊन हिंडले. पेन्शन लागल्यावर ठरवलं की तसंच आपल्या रानात बांधायचं, आणि वस्तू सगळ्या इथल्याच घ्यायच्या, पायी जाऊन आणता येतील अशा. बांबूसाठी तेवढा त्यांना घाटाकडच्या अकोले तालुक्यातून टेम्पो बोलवावा लागला. त्याबद्दल ते टेम्पोवाल्यासमोरच हळहळत होते.

त्या वेळी आमच्या भागात उसामुळं ज्याच्या त्याच्या घराला विटा आणि वर स्लॅब चढत होता. अशा वेळी हा माणूस कुडाचं घर बांधायला निघाला. बांबूच्या कामट्या आणि तुराट्या बांधून त्यावर चिखल लिंपायचा, हा कूड. तो गरिबाच्या घराला असायचा. लोक हसणार नाहीत तर काय!

सगळ्यात मोठी अडचण त्यांच्या घरातच होती. सुभेदारीणकाकू गावात विटांच्या घरात राहायच्या. त्यांचं लहानपण कुडात गेलेलं. त्यांनी सांगून टाकलं, "आमच्या बापाच्या कुडातून कुत्रं आत यायचं आनि भाकरी घेऊन जायचं. मी त्यातनं निघाले ती निघाले. परत कुडात जायची न्हाई."

सुभेदार वाद घालत नसत. त्यांनी चावडीवर चारचौघांत शब्द दिला. गुढीपाडव्याला काकूंनी यायचं आणि घर बघायचं. पसंत पडलं तर राहायला यायचं. नाही म्हणाल्या तर त्याच दिवशी पाडायला घ्यायचं आणि तिथं विटांचं घर उभं करायचं. सुभेदार शब्दाचे किती पक्के ते सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळं पाडव्याला तमाशा बघायला मिळणार म्हणून वस्ती खूश होती.

भिंती उभ्या राहायच्या आधीच सुभेदार त्या घरात राहायला लागले. म्हणजे मातीत नुसत्या रेघा होत्या, पण ते दाराच्या रेघेपाशी बूट काढायचे. एकदा गावचे तलाठी उभ्या रानातून सरळ त्यांच्याकडं चालत आले, तर सुभेदार ओरडले, "भिंतीतनं कुठं येताय साहेब? दारानं या!" तलाठी बिचारे वळसा घालून दाराच्या रेघेवर आले आणि तिथं चपला काढून आत शिरले. आत म्हणजे ढेकळांतच. मग दोघं गुडघे मोडून बसले आणि सुभेदारांनी त्यांना वाटीतून काळा चहा दिला. तलाठ्यांचं तोंड असं झालं की मी पदर तोंडात कोंबून ज्वारीत लपले.

माझा या घराशी संबंध आला तो आमच्या भिंतीमुळं. सुभेदार काहीतरी मागायला आले होते, ते मागायचं विसरले. आमच्या पडवीच्या भिंतीवरून तळहात फिरवला, नाक लावून वास घेतला, नखानं कण काढून जिभेवर ठेवला.

"ही कुनी लिपली?"

"सुनेनं," सासूबाई म्हणाल्या. "का? काय झालं?"

"सूनबाईला बोलवा."

मी दाराआड होते. परक्या पुरुषासमोर मी बोलत नसे. सासरीच काय, माहेरीसुद्धा मला लोक मुकी समजत. चौथी झाले तेव्हा गुरुजींनी घरी येऊन विचारलं होतं की हिला वाचता येतं की पाठ म्हणते, कारण वर्गात कधी आवाजच ऐकला नव्हता. तर आमचं बोलणं असं सुरू झालं. सुभेदार अंगणातून विचारायचे, मी दाराआडून सासूबाईंच्या कानात सांगायचे आणि त्या मोठ्यानं बोलायच्या.

"माती किती दिवस कुजवायची?"

मी कानात सांगितलं, महिनाभर.

"ती म्हनती, दोन महिने."

मी पदर ओढला, तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "गप गं. मान्साला घाई असली की दुप्पट सांगावं."

आणि झालं असं की, जपानात माती महिनोन्महिने कुजवतात म्हणे! दोन महिने ऐकून सुभेदार हरखून गेले. "हे तर जपानी!" ते ओरडले. हा त्यांचा नेहमीचा शब्द. काहीही चांगलं दिसलं की ते जपानी. सासूबाईंनी रचलेली गोवऱ्यांची रास जपानी, आमच्या म्हशीचं संथ रवंथ करणंसुद्धा जपानी.

मग मी रोज चिखल तुडवायला जायला लागले. ओढ्याची चिकणमाती, जुन्या गावठाणातली पांढरी माती, गव्हाचा भुसा, शेण. खड्ड्यात पाणी धरून ठेवायचं आणि दर चार दिवसांनी पायानं मळायचं. असा वास सुटायचा की पाटावरून जाणारी माणसं नाकाला धोतर लावायची. पण दोन महिन्यांनी तो चिखल हातात घेतला तर लोण्यासारखा! मला वाटतं आयुष्यात इतका आनंद मला कशाचा झाला नव्हता. सकाळी भाकरी थापताना माझं मन त्या खड्ड्यात असायचं.

शेवटच्या हातासाठी जपानी लोक समुद्राचं शेवाळ उकळून त्याचं चिकट पाणी मातीत घालतात, असं सुभेदार म्हणाले. मग डोकं धरून बसले. "आता नगर जिल्ह्यात समुद्र कुठनं आनू?"

मी सासूबाईंच्या कानात सांगितलं. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या, मग म्हणाल्या, "ती म्हनती, गुऱ्हाळात मळी काढायला भेंडीची झाडं ठेचून घालत्यात, ते पानी बुळबुळीत असतं. ते घाला."

सुभेदार उठले, कमरेत वाकून त्यांनी दाराला नमस्कार केला आणि तडक गुऱ्हाळाकडं गेले. भेंडीच्या पाण्यानं भिंत अशी बसली की बोट लावलं तर बोटाला माती लागेना.

फळ्यांची गोष्ट वेगळीच. पावसाच्या बाजूला लावायच्या फळ्या त्यांनी जाळावर धरून वरून काळ्या केल्या, वाळवी लागू नये म्हणून. आख्ख्या गावात झालं, सुभेदारानं घर बांधायच्या आदीच जाळलं! फक्त माझे सासरे हसले नाहीत. ते म्हणाले, "त्यात काय? कुंपनाची मेढ आपन बुडाला जाळूनच रोवतो." तेव्हा सुभेदारांनी त्यांना मिठीच मारली. "म्हंजे तुमाला ठावंच हाय की! मी एवढ्या लांब कशाला गेल्तो?"

कागदाच्या दारांत मात्र माझी फजिती झाली. कागद चिकटवायच्या खळीला कसर लागू नये म्हणून मी मेथ्या वाटून घालायला सांगितलं. सुपाला कागद चिकटवताना आम्ही घालतोच. दारं झाली, उन्हात अशी उजळली की आत दिवा लावल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी आमच्या शेळीनं एक दार खाल्लं. मेथीचा वास! अर्धं दार तोंडात घेऊन ती उभी होती. मी रडायला लागले. सुभेदार धावत आले, शेळीकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि टाळ्या वाजवायला लागले.

"आत्ता कळलं! म्हातारीच्या घरात दाराला खाली फळी हुती आनि वर कागद. मी म्हनायचो, का? तिच्याबी शेळ्या असनार!"

मग शेळीची मान मोजली आणि तिथपर्यंत बांबूची चटई लावली.

आता ते सांगते जे मला पहिल्यापासून खात होतं. घराची जमीन फळ्यांची होती, हातभर उंच, खालून वारा जायला. बूट काढायला दारात मातीचा एक पट्टा ठेवलेला. रेघा मारल्या त्या दिवसापासून सुभेदारांनी गड्यांना सगळं करून दाखवायला लावलं होतं. इथं झोपा, इथं बसा, इथनं पाऊस बघा. पण ते सगळे पुरुष होते. दळून कुणी दाखवलं नाही. घरात जात्याला जागाच नव्हती! फळ्यांवर जातं मांडलं तर ढोलासारखं वाजणार, हलणार, आणि पीठ फटींतून खाली जाणार. जपानी माणसं भात खातात, त्यांना काय दळायचंय. पण काकू काय करणार? वस्तीवर गिरणी कुठून यायची?

मी पहिल्याच आठवड्यात सासूबाईंच्या कानात सांगितलं होतं. त्यांनी ते पुढं नेलंच नाही.

"जग बघून आलेल्या मान्साला तू शिकवती व्हय? त्यानं इचार केला असंल."

मी गप्प बसले. पण हात गप्प बसेनात. मातीच्या पट्ट्यात दाराच्या डाव्या अंगाला मी एक वीतभर उंच ओटा घातला, खाली दगडाची कच भरून, चोपण्यानं दुप्पट चोपून. सुभेदारांनी विचारलं, हे काय? सासूबाईंनी मला विचारलंच नाही. "पान्याच्या हंड्याला," त्यांनी ठोकून दिलं. मी आणखी आठ दिवस तो ओटा चोपत होते. हंड्यासाठी एवढं कुणी चोपत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाडव्याला गावातल्या घरी गुढी उभारून काकू दुपारी बैलगाडीतून आल्या. अर्धी वस्ती जमलेली. सुभेदार धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत दारात उभे, आणि एवढा रुबाबदार माणूस, पण सदऱ्याची एकच गुंडी लावत होता आणि काढत होता. कोपऱ्यात पहार आणि टिकाव आणून ठेवले होते. त्यांनीच ठेवले होते. शब्द म्हणजे शब्द.

काकू बुटकी, अंगानं भरलेली बाई, डोळे तिखट. त्यांनी भिंतीवर नख दाबलं. उमटलं नाही. मूठ आपटली. दार सरकवलं, परत सरकवलं, आणखी एकदा सरकवलं. खोलीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"गार हाय," त्या म्हणाल्या.

सुभेदारांनी श्वास सोडला तो मला बाहेर ऐकू आला.

"असला कूड असतो व्हय?" काकू म्हणाल्या. "गुळगुळीत. वासबी चांगला येतोय." मग चुलीपाशी गेल्या, फळ्यांवर टाच आपटून बघितली, चारी कोपरे बघितले. कपाळाला आठी पडली.

"दळायचं कुठं?"

  सुभेदारांनी फळ्यांकडं असं बघितलं, जणू त्या आत्ताच कुणीतरी तिथं आणून ठेवल्यात.

"वरीसभर जपानात राहिला, पाच महिने घर बांधलं," काकू म्हणाल्या, "आनि बाई काय खाऊ घालनार त्याचा इचारच न्हाई. मला वाटलंच हुतं. ह्यात मी कुठं हाय?"

त्यांचा आवाज चिडका नव्हता, त्यामुळं जास्त लागला. सुभेदार वळले आणि कोपऱ्यातली पहार उचलली. खरंच उचलली. मी सासूबाईंना कोपर मारलं. त्या खाली बघत होत्या. परत मारलं. त्यांचं तोंड काही उघडेना.  त्या भिंतीत माझे दोन्ही हात होते. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि गर्दीतून पुढं गेले.

"जागा हाय," मी म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं. काही जणांनी माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"दाराच्या डाव्या अंगाला ओटा हाय. तो हंड्याचा न्हाई, जात्याचा हाय. खाली कच भरलीय. हलनार न्हाई."

काकू ओट्यापाशी आल्या. "जोड्यांच्या शेजारी दळू?"

"जोडे उजवीकडं. मधी मी आडभिंत घालते, कमरेएवढी. उद्याच घालते. खिडकी समोर हाय, वारा येतो."

काकू ओट्यावर बसल्या, एक पाय लांब केला, दुसरा मुडपला आणि रिकाम्याच हातानं जातं फिरवायला लागल्या. हात भिंतीला लागतो का ते बघत होत्या. लागला नाही.

"माप कशाचं घेतलंस?"

"माझ्या मांडीचं. तुमी माझ्याएवढ्याच हाय."

काकू हसल्या. मग सुभेदारांकडं वळल्या. "बघा. तुमी गडी निजवून घर मोजलं. हिनं बसून मोजलं."

"सूनबाई," सुभेदार म्हणाले. त्यांच्या हातात पहार तशीच होती. "तुला कवा दिसलं हे?"

"पयल्या आठवड्यात."

"मग सांगितलं का न्हाई?"

मी सासूबाईंकडं बघितलं नाही. त्या स्वतःच बोलल्या, "सांगितलं हुतं तिनं. मीच गिळलं. घ्या, मारा आता मला त्या पहारीनं."

सगळी वस्ती हसली. आणि सुभेदारांनी पहार टाकली, माझ्यासमोर येऊन दोन्ही हात मांड्यांवर ठेवून कमरेत वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. एवढा वयस्कर माणूस, चारचौघांत, माझ्यासारख्या पोरीपुढं! मला धरणी पोटात घेईना. मी पळाले ती कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसले. तिथून मला काकूंचा आवाज ऐकू आला, "नमस्कार पुरं झाला. जातं आना!" आणि सुभेदार स्वतः बैल जुंपून उभ्यानं गाडी हाकत गावाकडं निघालेले दिसले. पाडव्याचे कपडे, पाय अनवाणी, आणि तोंडानं बैलांना काहीतरी जपानीत सांगत होते.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. आमच्या पत्र्याखाली दुपारी जीव घाबरा व्हायचा. वस्तीवरच्या बाया काकूंच्या घरी जाऊन बसायच्या. सुभेदार पुरुषांना दारातच अडवायचे, "आत जागा न्हाई, सहा चटया भरल्या." स्वतः बाहेर निंबाखाली बसायचे.

त्यानंतर त्यांनी साधी खुंटी ठोकायची तरी मला विचारल्याशिवाय ठोकली नाही. ते आता अंगणातून विचारायचे आणि सरळ दाराकडं बघत थांबायचे. सासूबाई म्हणायच्या, "माझं काम गेलं."

दुष्काळ सरल्यावर शेजारच्या गावचा एक तरुण शेतकरी त्यांचं घर बघायला आला. त्यालाही तसंच हवं होतं. सुभेदारांनी त्याला चहा पाजला, सगळं घर फिरवलं आणि म्हणाले, "मला विचारू नका. बांधावरनं जा, तिथं एक बाई हाय, तिला विचारा. पन दम धरा, ती लवकर बोलत न्हाई."

तो आमच्या अंगणात आला. वहीच्या कागदावर त्यानं घर काढून आणलं होतं. किती खोल्या, किती खिडक्या, सगळं. सासूबाई गोठ्यात होत्या. मी दारात आले. कागद बघितला. चांगला काढला होता.

"ताई, काय बदलायचं असंल तर सांगा," तो म्हणाला.

"तुमची मालकीण कुठं हाय?" मी विचारलं.

"घरी. का?"

"तिला घेऊन या. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी तो तिला सायकलवर मागं बसवून घेऊन आला. ती उतरली, पदर नाकापर्यंत ओढून अंगणाच्या टोकालाच उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली. माझ्याहून लाजरी निघाली. तिच्या नवऱ्याला मी बाहेर बाजेवर बसवलं आणि तिला आत नेलं. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. बोलायला सुरुवात व्हायला पाऊण तास लागला. पण एकदा ती सुरू झाली, तेव्हा बाहेरून तिच्या नवऱ्यानं तीनदा हाक मारली तरी थांबली नाही.